अंगठा जपा, कागद जपा
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)

बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही लेबल पाहता, खताची पावती मागून घेता. तेवढीच काळजी आता आधार कार्ड, सातबारा, पासबुक आणि आपला अंगठा यांचीही घ्यायला हवी. आपल्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलायचे, कर्ज काढायचं किंवा योजनेचा अर्ज भरायचा, असे प्रकार घडत आहेत.

न वाचता केलेली निशाणी किती महाग पडते, हे आपल्या वाडवडिलांनी सावकारीत भोगलं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्या रागामागे हेही एक कारण होतं. आज कागदाच्या जागी यंत्र आलं. अंगठा मात्र आपलाच आहे.

आधारवरून पैसे काढायला तीन गोष्टी पुरतात : बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा. तिथे ओटीपी लागत नाही. सोय मोठी आहे, पण धोकाही इथेच आहे. कापूस वेचून, खुरपणी करून आपल्या बोटांच्या रेषा झिजतात, हाताला चिरा पडतात. त्यामुळे अंगठा कधी कधी खरोखरच उठत नाही. नेमका याचाच फायदा एखादा लबाड माणूस घेतो. "काका, नीट उठला नाही, परत ठेवा," असं म्हणतो, आणि पैसे दोनदा निघतात.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. अंगठा ठेवण्याआधी यंत्रावर किती रक्कम टाकली ते पाहा. वाचता येत नसेल तर घरातलं शिकलेलं माणूस सोबत न्या. व्यवहार फसला म्हणाला तरी त्याची पावती मागा, आणि मगच दुसऱ्यांदा अंगठा ठेवा.

२. आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ही सोय आहे. मात्र रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल, तर तेवढ्यापुरतं कुलूप उघडावं लागेल, हे विसरू नका.

३. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा. बंद पडलेला नंबर काही काळानंतर दुसऱ्याला मिळतो. नंबर बदलला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा नोंदवा.

४. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा : "फक्त पीक कर्जासाठी", खाली तारीख आणि सही. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. खराब निघालेली प्रत दुकानात टाकून येऊ नका.

५. "पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ही फाईल उघडा," असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर हात लावू नका. नावाच्या शेवटी एपीके असलेली अशी फाईल उघडून बसवली, की मोबाईलमधले ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. हप्त्याची चौकशी कृषी सहायकाकडे किंवा १५५२६१ या क्रमांकावर करा.

६. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, ते 'संचार साथी'वर दिसतं. कर्जाचा क्रेडिट अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो. पेरणीच्या तोंडावर पीक कर्ज मागायला जावं आणि आपण न काढलेलं कर्ज थकीत निघावं, त्यापेक्षा आधीच पाहून ठेवलेलं बरं.

जमिनीचे कागदही असेच जपा. एक रुपयात पीक विमा ही योजना आपल्या राज्यात २०२३ साली आली आणि २०२५ साली बंद झाली. मधल्या काळात दुसऱ्याच्या जमिनीवर भरलेले बोगस अर्ज उघडकीस आले. आपल्या गट नंबरावर कोणी अर्ज भरला आहे का, हे हंगामात एकदा विचारून घ्या.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजू नका आणि चार दिवस वाट पाहू नका. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच हलवतो, म्हणून तासातासाला किंमत आहे. ताबडतोब १९३० ला फोन लावा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग बँकेत लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. पासबुक दर महिन्याला भरून आणलं, तर चोरी लवकर ध्यानात येते.

आज घरी गेल्यावर एवढं करा : घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पासबुक काढा आणि शेवटच्या नोंदी त्यांना वाचून दाखवा. अशा फसवणुकीचा फटका त्यांनाही बसतो.