मिठाच्या डोंगराखालचे गाव

पर्वत आणि पाणी यांच्यामध्ये वस्तीला जागाच उरली नाही तर मनुष्य काय करतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ऑस्ट्रियातील हालश्टाट या चिमुकल्या गावाकडे पाहावे. समोर सुमारे १२५ मीटर खोल असा गंभीर जलाशय, पाठीशी डाखश्टाइन पर्वतराजीचा उभा कडा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकीच्या खांद्यावर दुसरी उभी असावी तशी घरे! १८७७ साली आगगाडी आली; परंतु तिचे स्थानक पलीकडच्या तीरावर असल्याने आजही उतारू नावेतूनच गावात येतो. गाडीरस्ता तर १८९० साली झाला.

एवढ्या अडचणीच्या जागी माणसे का राहिली? मिठासाठी! गावाच्या माथ्यावरील डोंगरात मिठाचे थर असून सुमारे सात हजार वर्षांपासून मनुष्य ते मिळवीत आला आहे. या खाणीत २००२ साली एक लाकडी जिना सापडला. त्याची झाडे इ. स. पूर्व चौदाव्या शतकात तोडलेली होती. मिठाने तो जसाच्या तसा राखला होता. १८४६ साली खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांना वरच्या खोऱ्यात प्राचीन कबरी आढळल्या. १८६३ पर्यंत त्यांनी जवळजवळ एक हजार कबरी उकलल्या आणि त्यांची सचित्र नोंद ठेवविली. त्यांतील तलवारी, काशाची भांडी आणि दूरदेशीचे हस्तिदंत पाहून मिठाच्या व्यापाराचे वैभव ध्यानी येते. युरोपच्या इतिहासातील एका कालखंडाला या गावाचेच नाव मिळाले आहे.

जागेची टंचाई मृतांनाही चुकली नाही. डोंगरावरील कॅथलिक चर्चची दफनभूमी इतकी लहान, की काही वर्षांनी जुनी कबर उघडून ती नव्या मृतासाठी मोकळी करीत. निघालेल्या कवट्या उन्हात वाळवून, त्यांवर नाव व मृत्यूचे वर्ष लिहून, फुलापानांच्या माळा रंगवून अस्थिगृहात ठेवीत. तेथे सुमारे १२०० कवट्या असून त्यांपैकी ६०० हून अधिक रंगविलेल्या आहेत. पाहणाऱ्याला प्रथम भय वाटते; परंतु आप्ताला जागा सोडावयास लावली तरी त्याचे नाव पुसू द्यावयाचे नाही, ही माया त्या रंगांत आहे.

आज टंचाई आहे ती जिवंतांना. १९९७ साली हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. २०१२ साली चीनमध्ये या गावाची हुबेहूब प्रतिकृतीही उभी राहिली. गावात माणसे आठशेच्याही आत. पण ऐन हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत प्रवासी येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गावकऱ्यांनी बोगद्यापाशी रस्ता अडवून पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याची मागणी केली.

त्यांचे मागणे अवाजवी म्हणता येणार नाही. ख्रिस्तशरीराच्या सणाला येथील मिरवणूक नावांतून तलावावर निघते. त्या नावांत बसावयाला गावची माणसे हवीत, शाळेत गावची मुले हवीत. बहुतेक प्रवासी छायाचित्रे घेऊन काही तासांत परततात. जो एक रात्र मुक्काम करील, पहाटे शांत पाण्यावर डोंगराची सावली पाहील आणि दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला नमस्कार करील, त्याला हे गाव कोणाचे आहे ते सांगावे लागणार नाही.