नारायण विनायक जगताप यांची विज्ञानकथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती.

नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. १९७२ मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि लवकरच मराठीत कथा लिहू लागले. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या कादंबऱ्या पुढच्या काळातल्या.

त्यांचे खरे बळ दिसते ते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात पोहोचतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी हरण्याऐवजी जिंकलेली असते. का? तर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. परतल्यावर पंतांच्या हाती उरते बखरीचे एक फाटके पान. एका गोळीच्या फरकातून दोन वेगळे इतिहास निघू शकतात, ही पुंजभौतिकीतली अनिश्चितता इतक्या घरगुती रीतीने मराठीत क्वचितच कुणी सांगितली असेल.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.