औषध दारापर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी एच.आय.व्ही.सारखा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण ज्या रोगाचे नाव आपण अजून कुजबुजत घेतो, त्याच्याशी आपल्यासारख्याच साध्या माणसांनी कसा सामना दिला, हे सांगण्यासारखे आहे. म्हणून मी उभी आहे.

ही हकीकत आफ्रिकेतील युगांडा देशाची. १९८७ साली नोएरीन कालीबा या बाईंचे पती एड्सने वारले. त्यांनी कंपाला शहरात अशाच दुःखी लोकांना एकत्र करून 'टासो' ही संस्था काढली. त्या वेळी या रोगावर आयुष्य टिकवील असा उपचार नव्हता. रोग्याला भेटावे, धीर द्यावा, घरच्यांची भीती घालवावी, एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेवढे त्यांनी केले.

पुढे १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय सापडला. पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर! गरिबाने काय करावे? २००१ साली आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, आणि वाट मोकळी झाली.

तरी अडचण उरलीच. गोळी रोज आणि जन्मभर घ्यायची. खेड्यापासून दवाखाना दूर, डॉक्टर थोडे. नाईल नदी जेथे सरोवरातून बाहेर पडते, त्या जिंजा गावी टासोच्या दवाखान्यात २००५ ते २००९ या काळात याचा कसोशीने अभ्यास झाला. १,४५३ रोग्यांचे वस्तीवार दोन गट केले. एका गटाने दर महिन्याला दवाखान्यात यायचे. दुसऱ्या गटाच्या घरी शिकवून तयार केलेले कार्यकर्ते दरमहा फटफटीवरून औषध नेत. ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. ताप आहे का, खोकला आहे का, हे ठरलेल्या यादीप्रमाणे विचारीत आणि शंका आली की दवाखान्यात पाठवीत. त्या रोग्यांची दवाखान्यातील तपासणी एरवी सहा महिन्यांनीच होई.

निकाल काय लागला? औषध असूनही रक्तातला विषाणू आटोक्यात राहिला नाही असे रोगी घरच्या गटात शेकडा १६, तर दवाखान्याच्या गटात शेकडा १७. मृत्यूंचे प्रमाणही जवळपास सारखेच. शिवाय घरी औषध मिळणाऱ्यांचा पदरचा खर्च पुष्कळ वाचला. माणूस नीट शिकवला आणि पाठीशी दवाखाना असला, तर शुश्रूषेचे केवढे काम दारात होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले.

भगिनींनो, आपल्याकडे १ एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधे फुकट देण्यास सुरुवात झाली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. परंतु जी सून गोळ्यांची बाटली डाळीच्या डब्यात लपवते, तिची गोळी पाहुणे आले की चुकते. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. ही चूक तिची म्हणावी, की तिला लपवावयास लावणाऱ्या आपली?

एका ताटात जेवल्याने, एका नळाचे पाणी प्याल्याने, मूल मांडीवर घेतल्याने हा रोग लागत नाही. उपचार नियमित चालून रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले, तर बाळ बहुधा निरोगी राहते. रोग्याशी भेदभाव करण्यास २०१७च्या कायद्याने मनाई आहे. पण आळीतल्या बोलण्याला कायदा कोठवर पुरणार?

तेथे आपणच हवे. कोणाला हा रोग आहे असे कळले, तर तो कसा जडला हे विचारू नये. तिचे नाव तिसऱ्या कानी जाऊ देऊ नये. आणि तिची इच्छा असेल, तर औषधाच्या दिवशी तिची मुले सांभाळावी, किंवा सोबतीला जावे. यंदा मंडळाने एवढे अंगावर घ्यावे, ही माझी विनंती आहे.