अनेक शाखा, एक पाटी



वसंत व्याख्यानमालेत दुकानदारीवर बोलायला कोणी उभा राहिला, की पहिल्या दोन रांगांत थोडी चुळबूळ होते. परंतु हल्ली दुकानाची पाटी रस्त्यावर दिसण्याआधी माणसाला खिशातल्या फोनवर दिसते, आणि ती खरे बोलते की खोटे, हा प्रश्न दुकानदाराइतकाच गिऱ्हाइकाचाही आहे.

ज्याचे एकच दुकान, त्याचे फारसे अडत नाही. तो स्वतः गल्ल्यावर असतो. नोंदीतली वेळ चुकली तर पहिले गिऱ्हाईकच त्याला सुनावते. पंचाईत होते ती शाखा वाढल्यावर. समजा, एका मिठाईवाल्याच्या बारा शाखा आहेत आणि मालक पुण्यात बसतो. साताऱ्याची शाखा दुसऱ्या पेठेत हलली. कपाटे हलली, तराजू हलला. गूगलच्या नकाशावरची खूण मात्र जुन्याच जागी राहिली. वाईहून एसटीने आलेला माणूस बंद दारापुढे उभा राहतो. तो नकाशाला शिव्या देत नाही, मिठाईवाल्याला देतो.

अशा वेळी उत्साही मंडळी नवी नोंद करून मोकळी होतात, आणि एका शाखेची दोन भुते नकाशावर फिरू लागतात. जुन्याच नोंदीत पत्ता बदलावा. म्हणजे तिच्यावरचे अभिप्रायही बहुधा तिच्याबरोबर येतात. शाखा मिटलीच, तर ‘कायमची बंद’ असे स्पष्ट लिहावे. आपल्या खात्यातून नोंद काढली की ती नकाशावरूनही पुसली जाते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे होत नाही. नोंद राहते, फक्त तिला धनी उरत नाही.

आणि धनी कोण, हीच तर खरी मेख! पुष्कळ ठिकाणी ही नोंद कुणा भाच्याने किंवा जाहिरातवाल्याने स्वतःच्या ईमेलवरून केलेली असते. तो गेला, की किल्ली गेली. इकडे रस्त्याने जाणारा कोणीही ‘ही वेळ चूक आहे’ असे गूगलला सुचवू शकतो, आणि पहारेकरी नसेल तर ती सूचना मान्यही होऊन जाते. २०१४ साली ‘गूगल माय बिझनेस’ आले, २०२१ साली त्याचे ‘बिझनेस प्रोफाइल’ झाले. नावे बदलली, ही अडचण होती तशीच आहे.

माझे मत असे, की मालकी मुख्य कचेरीच्या खात्यात असावी आणि प्रत्येक शाखेतल्या एका माणसाला व्यवस्थापक म्हणून अधिकार द्यावा. दहा किंवा अधिक शाखा असल्या तर सगळ्यांची माहिती एकाच तक्त्यातून भरता येते. प्रत्येक शाखेला तिचा निराळा संकेतांक, म्हणजे साताऱ्याचा फोन सांगलीला चिकटत नाही. पण तक्ता पुण्यात भरला, म्हणजे साताऱ्याचे कुलूप किती वाजता उघडते ते पुण्याला कळले, असे नव्हे. जोतिबाच्या यात्रेला कोल्हापूरची शाखा वेळ बदलील. तिच्यासाठी बाकीच्या अकरांनी का बदलावी? अशा दिवसांच्या खास वेळा शाखेनेच भराव्यात. आणि पुणेकरांनी निश्चिंत असावे: दुपारी एक ते चार बंद राहण्याचा आपला वंशपरंपरागत हक्क गूगलला मान्य आहे. एका दिवसात वेळेचे दोन तुकडे तेथे नोंदवता येतात.

नावाच्या पुढे ‘शुद्ध तुपातली उत्तम मिठाई’ असे शेपूट लावण्याचा मोह टाळावा. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावे, असा गूगलचा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याची नोंद स्थगित होऊ शकते. नाव, पत्ता, फोन हे तिन्ही गूगलवर, ॲपलच्या नकाशावर आणि जस्टडायलवर एकच असावेत. पत्त्यात ‘मारुतीसमोर’ खुशाल लिहा, पण नकाशाला मारुती पुष्कळ भेटतात. पिन कोड विसरू नका. १९७२ साली ते सहा आकडे आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी दिले, ते अशाच घोटाळ्यांवर.

राहता राहिला फोन. बाराही शाखांवर मुख्य कचेरीचाच नंबर देण्याची रीत मला मुळीच पसंत नाही. कंदी पेढे शिल्लक आहेत का, हे साताऱ्याच्या माणसाने पुण्यातल्या मुलीला विचारायचे, आणि तिने ‘सांगता येत नाही’ म्हणायचे! अभिप्रायांना उत्तरे कशी द्यावीत, हे वेळेअभावी राहिले. ते आपण प्रश्नोत्तरांत घेऊ.