वर्गात नेत्याचं गाणं कशाला?

आज जरा जुना विषय काढतोय. २००९ साल, अमेरिकेतलं न्यू जर्सी. ओबामा नुकतेच अध्यक्ष झालेले. बर्लिंग्टनमधल्या एका शाळेत कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या निमित्ताने दुसरीच्या मुलांकडून त्यांच्या कौतुकाचं गाणं म्हणवून घेतलं. सप्टेंबरमध्ये व्हिडिओ व्हायरल झाला आणि मग जो काही राडा झाला!

पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, त्यामुळे आनंद समजतो. मला स्वतःला ओबामा आवडतात. तरी ते गाणं मला पटत नाही. सात वर्षांचं पोरगं बाईंना "मी नाही म्हणत" असं सांगू शकतं का? आणि त्याच्या आईबाबांनी दुसऱ्याला मत दिलं असेल तर? आमच्या फिल्डमध्ये याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. एकदा लावली की बहुतेक लोक ती बदलायला जातच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आपणही शाळेत शिवरायांचे पोवाडे म्हटलेच की! म्हटले ना, घसा बसेपर्यंत. पण महाराज मतं मागायला येत नाहीत. ओबामा २०१२ ला पुन्हा उभे होते.

आपल्याकडचंच बघा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला गप्प उभं राहता येतं, मग नेत्याच्या गाण्याला का नाही?

त्यापेक्षा त्या मुलांना ओबामांना पत्रं लिहायला सांगायची. तेव्हा तिकडे मंदी होती. एखाद्याने नक्की विचारलं असतं, "माझ्या बाबांची नोकरी गेलीये, तुम्ही काय करताय?"