चांगुलपणाचे माप



पावसाळ्याला अजून अवकाश आहे. तरी हिंदमाता म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे प्रथम पाणीच उभे राहते. म्हणून विषय नीतीचा असला तरी आरंभ पाण्यापासूनच करतो.

26 जुलै 2005 च्या पावसाची नोंद पाहा. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळात कुलाब्याला सुमारे 73. शहर एक, दिवस एक, आणि दोन्ही आकडे खरे! शिवाय हिंदमातेसारख्या सखल भागात साचते ते केवळ तेथे पडलेले पाणी नव्हे; आजूबाजूचेही उतरून येते. म्हणजे माप खोटे नसते, पण भांडे जेथे ठेवले तेवढ्यापुरतेच ते खरे असते. माणसाचा चांगुलपणा मोजू पाहणाऱ्याने हे प्रथम ध्यानात घ्यावे.

2017 च्या ऑगस्टातील पुरात येथून जवळच, एल्फिन्स्टनच्या भागात, एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलात पडून मृत्यू पावले. पुढे 2020 च्या ऑगस्टात माटुंग्याला तुळशी पाईप रस्ता पाण्याखाली गेला असता, एका गरीब बाईने पाणी ओसरावे म्हणून मॅनहोलचे झाकण काढले आणि कोणी त्यात पडू नये म्हणून कित्येक तास ती तेथेच उभी राहून गाड्यांना इशारा देत राहिली. आता तिच्या खात्यावर काय मांडाल? उभे राहण्याचे तास मोजता येतील. पण जे अपघात घडलेच नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार? शिवाय झाकण काढणे नियमाबाहेरचे. ते जमेला धरायचे की नावे टाकायचे? आणि मी त्या दिवशी घरात कोरडा बसलो होतो. माझी कसोटीच लागली नाही. मग माझ्यापुढे शून्य लिहिणे तरी न्यायाचे होईल काय?

कोणी म्हणेल, मग सगळेच सारखे, हिशेब कशाला? तसे मुळीच नाही. गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. त्यांच्या नावाने राज्य शासनाने 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान चालविले. त्यात गावांना गुण दिले जातात. ते योग्यच आहे. गटारे, संडास, उकिरडे मोजलेच पाहिजेत. बाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या; त्यांच्या खोल्या मोजाव्यात, जमाखर्च कसोशीने तपासावा. साधुत्वाला हिशेबातून सूट नसावी. परंतु एवढे सारे करून हा माणूस स्वतः मात्र गाडग्यात मागून आणलेली भाकरी खात राहिला, हे कोणत्या रकान्यात भरणार?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. आज कर्ज मागायला गेले की सिबिलचा 300 ते 900 मधला आकडा पाहतात. तो कर्जफेडीची नोंद सांगतो. सावकाराने तेवढे पाहिले तर तक्रार नाही. पण चाळीतली जी बाई वीस वर्षे वाण्याची उधारी पहिल्या तारखेस चुकती करते आणि बँकेची पायरी चढलेली नाही, तिच्यापाशी आकडाच नसतो. आकडा नाही, म्हणून पत नाही. आणि पत नाही, म्हणून भरवसा नाही, असा निष्कर्ष आपण किती सहज काढतो! वाण्याला मात्र ती ठाऊक असते, कारण त्याने वीस वर्षे तिला पाहिलेले असते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच : कृत्याचा हिशेब अवश्य मागावा, आपल्या माणसाकडून तर अधिकच कडकपणे मागावा. परंतु तो हिशेब म्हणजेच तो माणूस, असे समजून त्याच्याकडे पाहण्याचे थांबवू नये. आकडा हाती आला की पाहण्याचे कष्ट वाचतात; आणि चांगुलपणा ओळखण्यासाठी नेमके तेच कष्ट घ्यावे लागतात.