ज्ञान आणि त्याची कसोटी
(जबलपूर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



ज्ञान म्हणजे काय, या जुन्या प्रश्नाचा विचार आपण याच शहरातील एका घटनेपासून सुरू करू. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना येथील बडा शिमला टेकडीवर एका प्राण्याच्या शेपटीचे अश्मीभूत मणके मिळाले. अशा प्राण्यांना 'डायनोसॉर' ही संज्ञा रिचर्ड ओवेन यांनी दिली ती १८४२ मध्ये. आणि या मणक्यांवरून लायडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही प्रजाती मांडली ती १८७७ मध्ये. वस्तू हाती होती. ज्ञान घडावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

प्लेटोच्या 'थीएटीटस' या संवादात, ज्ञान म्हणजे सकारण असे खरे मत, ही व्याख्या तपासली जाते आणि अखेर अपुरी ठरते. आपल्याकडे नैयायिकांनी यथार्थ अनुभवाला प्रमा म्हटले आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही तिची चार साधने सांगितली. मत खरे निघाले एवढ्याने भागत नाही, ते कोणत्या मार्गाने आले हेही पाहावे लागते, असा या विचारांचा रोख आहे.

१९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांत दाखविले की, सबळ कारण असूनही मत निव्वळ योगायोगाने खरे ठरू शकते. समजा, स्थानकातील फळ्यावर कालचा फलाट क्रमांक पुसावयाचा राहिला, आणि आजही गाडी त्याच फलाटावर आली. प्रवाशाचे मत खरे, कारणही वाजवी; तरी त्याला ज्ञान होते असे म्हणता येत नाही.

मग योगायोग वगळावा कसा? पुन्हा टेकडीकडे वळू. लायडेकर यांनी वेगळी मानलेली लक्षणे इतर अनेक संबंधित प्राण्यांतही आढळतात, असे विल्सन व अपचर्च यांनी २००३ मध्ये दाखविले आणि ती प्रजाती अग्राह्य ठरविली. मूळ अवशेष तेव्हा हरवलेले मानले जात होते. २०१२ मध्ये कोलकात्यात त्यांचा पुन्हा शोध लागला. तरीही फेरतपासणी शक्य झाली, कारण लायडेकर यांनी आपला आधार छापून सर्वांसमोर ठेवला होता.

विचाराच्या सत्यतेचा प्रश्न हा व्यवहाराचा प्रश्न आहे, असे मार्क्सने १८४५ मध्ये नोंदविले. हा दंडक आपल्यालाही लागू आहे. केवळ परिपत्रकात आले म्हणून एखादे विधान खरे मानणारा कार्यकर्ता त्या प्रवाशाहून वेगळा नाही. विधान खरे असेलही. पण कामगाराने 'हे कशावरून?' असे विचारताच तो निरुत्तर होईल. तो प्रश्न दुसऱ्याने विचारण्यापूर्वी आपणच विचारला पाहिजे.